हॉस्टेलमागची पोपटी

मुक्ताच्या कॉलेजातल्या पालकांना सल्ला द्यायचा अधिकार मला कोणीही दिला नव्हता. तो मी परस्पर घेतला होता.

कॉलेज पुण्यापलीकडे एका टेकडीवर, आणि इतकं छोटं, की आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत त्याहून जास्त माणसं सकाळी लिफ्टसाठी उभी असतात. लिबरल आर्ट्‌सचं. ते म्हणजे काय, हे समजावता समजावता माझे उरलेसुरले केस गेले. शेजारच्या विचुंबे गावच्या जनार्दनदादांनी (शेतात आता टॉवर उभे आहेत, पण शेवटच्या तुकड्यात वाल अजून लावतात) एकदा विचारलं, "पोरगी नक्की शिकते काय, साहेब?"

"तत्त्वज्ञान, नाटक, अर्थशास्त्र, थोडं जीवशास्त्र..."

"सगला येकदम? म्हंजे पोपटीच की. वाल, बटाटं, अंडी, कोंबरी, सगला येकाच मडक्यान. मंग तसा सांगायचा ना लोकांना."

(पोपटी न खाल्लेल्या अभाग्यांसाठी: थंडीत हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात कोंबतात, मडकं शेतात पालथं घालतात आणि भोवती गवत पेटवतात. पुढचं फक्त खाणाऱ्याला कळतं.)

तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी 'मुक्ताचे बाबा'. उशी कुठली घ्यावी, मुलगा केस वाढवतोय, काय करावं, प्रश्न कुठलाही असो, पहिलं उत्तर माझं. दिवाळीनंतर नागपूरच्या शाल्मलीच्या आईने लिहिलं, 'मुलगी फोनवर रडते. जाऊन येऊ का?'

मी लिहिलं, 'मुळीच नाही. रोप रुजलंय का, हे उपटून बघायचं नसतं. डबेही पाठवू नका.'

अंगठ्यांचा पाऊस पडला. एका बाबांनी तर ते वाक्य स्टेटसला ठेवलं.

त्याच आठवड्यात मुक्ताचा फोन आला. "बाबा, मला इथे नाही राहायचं. माझं कोणीच नाही इथे. न्यायला या."

या कॉलेजासाठी तिने इंजिनिअरिंगची सीट सोडली होती आणि तिच्या बाजूने मी सगळ्या खानदानाशी भांडलो होतो. ती परत आली असती, तर 'आम्ही म्हटलं नव्हतं का?' म्हणायला माझ्या थोरल्या बहिणीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तयारच होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता.

मी गाडीची किल्ली उचलली.

"रोप उपटायचं नसतं ना?" सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"उपटत नाहीये. पाणी घालून येऊ."

जनार्दनदादांनी मडकं दिलं, वालाच्या शेंगा दिल्या, अंडी दिली, भांबुर्डा दिला आणि वर सांगितलं, "पोरीला समजवू नका. खायला घाला, मंग बोला." घाटात सुनंदाने ते मडकं मांडीवर असं धरलं होतं, जशी मुक्ताला तान्हेपणी धरायची. तेही तसंच दर वळणाला कलंडत होतं.

मुक्ता गेटवर बॅग भरून उभी. "बाबा, मडकं कशाला?"

"निघण्याआधी खाऊन घेऊ."

इथे एक बारीकशी अडचण होती. दादांच्या शेतावर मी दर थंडीत पोपटीला जातो खरा, पण तिथे माझं काम सल्ला देण्याचं. पेटवतात दुसरे. हॉस्टेलमागच्या मैदानात मी मडकं भरून पालथं घातलं, गवत पेटवलं आणि मडक्यात घालायचा हिरवागार भांबुर्डा मोठ्या विश्वासाने जाळावर टाकला.

त्यानंतर जो धूर निघाला, तो तळोज्याच्या कारखान्यांच्या सगळ्या चिमण्यांनी मिळून काढला नसता. हॉस्टेलची धोक्याची घंटा वाजली. सगळं कॉलेज मैदानात. कोणी केसांना शॅम्पू लावलेल्या अवस्थेत, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एकाच चपलेत.

"हे काय चाललंय?" वॉर्डनबाई खोकत म्हणाल्या.

"नाश्ता," मी म्हणालो.

"बाबा, बाजूला व्हा." मुक्ताने ओढणी कमरेला खोचली. "पाला वरून टाकतात का? लहानपणापासून दादांकडे नेताय मला, आणि तुम्हालाच येत नाही?"

तिने जाळ विझवला, उरलेला पाला मडक्यात ठासला, सुकं गवत गोळा करायला चार मुलींना पिटाळलं. थोड्या वेळाने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. "झाली," ती म्हणाली, थेट दादांच्या थाटात. मग शेंग कशी सोलायची हे ती शेजारच्या मुलीला दाखवत बसली. त्या मुलीचे डोळे लाल होते. धुराने असतील. तिचं नाव शाल्मली.

वॉर्डनबाईंनी अंडी मागून घेतली. अंधार पडायच्या आत आम्ही निघालो.

"बॅग कुठे गं?" सुनंदाने विचारलं.

"वर नेली," मुक्ता म्हणाली आणि वालाच्या सालींकडे बघत राहिली. "जा आता तुम्ही. घाट आहे."

फूडमॉलला थांबलो तेव्हा ग्रुपवर फोटो आला होता. धुरात ओणवा होऊन फुंकर मारणारा मी. खाली शाल्मलीच्या आईची ओळ: 'मुक्ताचे बाबा, रोप कसं आहे?'

यंदा थंडी पडल्यापासून मुक्ता घरी आलेली नाही. "बाबा, या रविवारी पण नाही जमणार, पोपटी आहे इथे," असं ती गडबडीत सांगते आणि मागून पोरींचा कल्ला ऐकू येतो. दादांच्या शेतावर आम्ही दोघंच जातो. तिच्या वाटणीचं अंडं सवयीने घातलं जातं.

शेवटी मी ग्रुपवर आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला: 'मुलगी घरी यायचं नाव काढत नाही. जाऊन येऊ का?'

शाल्मलीच्या आईचं उत्तर लगेच आलं. 'मुळीच नाही. डबेही पाठवू नका.'

मी अंगठा दाखवला. सल्ला उत्तमच होता, पण वालाची गोणी तोवर डिकीत चढली होती.