दुकानातली आतली खोली

औषधाच्या दुकानातली ती बाई माझ्या ओळखीची होती असं मी म्हणालो, तर ते अर्धं खोटं होईल. तिचं माहेर कुठलं, घरी कोण कोण, नवरा काय करतो, यातलं मला धड काही सांगता येणार नाही. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, एवढाच आमचा संबंध. तिच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा योग्य अशी बरीच माणसं, विशेषतः बायका, आमच्या गल्लीत आहेत. पण त्या लिहिणार नाहीत, म्हणून मी बसलो आहे.

दुकान चिंचोळं होतं. तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्यानं पायरीवर थांबायचं. बाईला एक खोड होती. औषध मागितलं की ती आधी विचारायची, कुणाला हवंय, कधीपासून होतंय, आणखी काय चालू आहे. लोक वैतागायचे. शेजारचा न्हावी तिला ‘फौजदारीण’ म्हणायचा, पण दाढी करताना कुणाला कापलं की पट्टी मागायला तिच्याकडेच यायचा.

मग सरकारनं नवी मुभा दिली. घसा, कान, पुरळ, लघवीची जळजळ असली किरकोळ दुखणी औषधाच्या दुकानातच तपासून औषध देता येईल; आणि दिवस राहू नयेत म्हणून बायका घेतात त्या गोळ्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येतील. अट एवढीच, की आधी बीपी बघायचं, चार प्रश्न विचारायचे, आणि तेही आडोशाला. बाईनं मागची खोक्यांची खोली रिकामी केली, दोन खुर्च्या टाकल्या, दाराला आतून कडी बसवली.

आणि पहिले काही आठवडे त्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही. कारण साधं होतं. एखादी तरुण बाई आत गेली आणि दार लागलं, की बाहेरच्या रांगेला न सांगता कळणार. आडोसा केला आणि तोच चव्हाट्यावर आला.

एकदा मी कानात घालायचे थेंब मागितले. बाई म्हणाली, “काका, आत या.” मी म्हणालो, इथंच द्या, कान काय लपवायची गोष्ट आहे. तशी ती पुढे वाकून हळूच म्हणाली, “तुमच्यासाठी नाही बोलावत. तुमच्यासारखे आत गेले, की बाकीच्यांना जाता येतं.”

मी गेलो. तिनं बॅटरी लावून खरंच कान पाहिला. बाहेर आलो तर न्हावी दारातच उभा. “काय काका, या वयात गोळ्या चालू केल्या का?” मी पार लाजलो. पण तेव्हापासून ती सगळ्यांनाच आत घेऊ लागली. खोकला असो, कुरूप असो, माशी चावलेली असो. हळूहळू त्या दाराकडे बघणं लोकांनी सोडलं. त्या गर्दीत ज्यांना जायचं होतं त्या बायका जाऊन आल्या.

त्यातलीच एक कोपऱ्यावरच्या घरातली सून. तिला दोन मुलं. दुसऱ्या वेळी ती मरता मरता वाचली होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सासूला मात्र तिसरं हवं होतं, आणि नवरा आईपुढे तोंड उघडत नसे. ही सून शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. दुकानात आली की मला म्हणायची, “आजोबा, तुम्ही जा आधी,” आणि दुकान रिकामं होईतो टूथब्रश चाळत उभी राहायची.

एका सकाळी मी घशासाठी गेलो होतो, तेव्हा सासू तिला दंडाला धरून घेऊन आली. बाळाच्या कपड्यांच्या घडीत सापडलेली गोळ्यांची पट्टी तिनं काउंटरवर आपटली. मागे चार-पाच माणसं जमली.

“सांग सगळ्यांसमोर. कुणी दिल्या?”

सून खाली बघत होती. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. “यांनी. ताकदीच्या आहेत म्हणाल्या.”

शिकवण्या घेणाऱ्या मुलीला पाकिटावरचं वाचता येत नव्हतं, हे कोण मानेल? पण मानायचं ठरवलं की माणूस काहीही मानतो. सगळे बाईकडे बघू लागले. बाईनं एकदा सुनेकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हो, मावशी,” ती म्हणाली. “तिनं ताकदीच्या मागितल्या होत्या. देताना माझ्याकडून चूक झाली.”

सासूनं तक्रार केली. अधिकारी आला तेव्हाही बाईनं तेच सांगितलं. तिची मुभा काढून घेतली, आतल्या खोलीला कुलूप लागलं. चुकीच्या गोळ्या देणारी बाई म्हटल्यावर साध्या तापाचं औषध घ्यायलाही लोक कचरू लागले. ज्यांचं तिनं निभावून नेलं होतं, त्या बायका पदर सावरत समोरच्या कडेनं जाऊ लागल्या. “गरज सरो, वैद्य मरो,” न्हावी म्हणाला. पण पट्ट्या तोही दुसरीकडून आणू लागला होता.

ती दुकान कायमचं आवरत होती तेव्हा मी धीर करून विचारलं, खरं का नाही सांगितलंत. खोकी बांधता बांधता ती म्हणाली, “काका, तिला त्याच घरात परत जायचं होतं.” मग मला सुतळीचं टोक धरायला सांगितलं.

वर्षाच्या आत सुनेला दिवस गेले. या वेळी तीही वाचली नाही आणि मूलही. सासूचे गुडघे आता फार दुखतात. परवा ओट्यावर बसून ती सांगत होती की साध्या मलमासाठी दवाखान्यात अर्धा दिवस मोडतो, ती बाई होती तेव्हा कसं सगळं दाराशी होतं.

बाई नंतर मला एकदाच दिसली, मोठ्या रस्त्यावरच्या भल्यामोठ्या औषधांच्या दुकानात. गळ्यात ओळखपत्र, अंगात निळा कोट. तिथं आपणच फळीवरून उचलायचं आणि पैसे द्यायला रांगेत थांबायचं. मी पायाच्या खाजेचं मलम उचललं होतं. तिनं ते हातात घेतलं, क्षणभर उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल कधीपासून होतंय. माझ्या मागे रांग होती. तिनं यंत्रावर ते धरलं, यंत्र वाजलं.

“पिशवी आणलीय का, काका?”

“आणलीय.”

“पावती आतच टाकते.”

“टाका.”