उशीतला सावरीचा कापूस

काल जुन्या उशीची शिवण उसवली, सावरीचा कापूस नाकातोंडात गेला आणि त्या वासासरशी मी मुहर्रकच्या आमच्या दोन खोल्यांत पोचले. नुकतं लग्न होऊन बहरीनला गेले होते.

ह्यांच्या ऑफिसातले म्हातारे इंग्रज साहेब आपल्या आजोबांच्या जाड नळीच्या रायफलीसाठी घरी काडतुसं भरत. काडतूस मोठं, बंदुकीची दारू थोडी. उरलेल्या पोकळीत ती सरकायची आणि प्रत्येक बार वेगळीकडेच लागायचा. दारू जागेवर राहावी म्हणून त्यांना वर भरायला हलकं काहीतरी हवं होतं. हे म्हणाले, "तुझ्या उशीत आहे की."

उशी आईने भरलेली. महिनाभर मी तिच्यात तोंड खुपसून रडत होते, परतीचं तिकीट काढा म्हणत होते, आईलाही पत्रांतून तेच लिहीत होते. तरी टाके उसवून मूठभर कापूस दिला, का कोण जाणे.

शुक्रवारी वाळवंटात साहेबांनी पाच बार काढले. पुठ्ठ्यावर पाचही भोकं तळहाताएवढ्या जागेत. उशी आईची हे ह्यांनी सांगितलेलं; साहेब मला हिंदीत म्हणाले, "माँ को बोलना, एकदम बराबर."

त्याच दुपारी मी आईला पत्र लिहिलं. रडगाणं नसलेलं ते पहिलंच. शेवटी लिहिलं, "तिकिटाचं राहू दे. कुणी इकडे येत असेल, तर थोडा कापूस पाठव."