मागच्या होडीतले दोघे

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढताना काठावर उभा राहिलो. त्यांचा राग आला, किळस आली, क्वचित रडूही आलं. पण नुसती शरम वाटावी असं प्रकरण माझ्या वाट्याला एकच आलं. त्यात हत्यार नव्हतं आणि चोरीही नव्हती. एक मोठी होडी, तिच्यामागं बांधलेली एक लहान होडी आणि दोघींमधला दोर, एवढाच सगळा मामला होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला भीमेवर धरण झालं होतं आणि पाणी नव्यानंच पसरलं होतं. मी काठावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ज्या गावांची माणसं पूर्वी नदीचं पात्र उतरून पायी एकमेकांकडं जात, त्यांच्यामध्ये आता अफाट पाणी आलं होतं. जुन्या रस्त्याकडेच्या बाभळींचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसायचे. पिढ्यान् पिढ्या ज्वारीच्या रानात राबलेल्या त्या लोकांना पोहता येत नव्हतं, होडीत कसं बसावं हेही ठाऊक नव्हतं.

एका मासेठेकेदारानं रुंद होडीवर पत्र्याची खोली बांधली होती. त्याची माणसं मासेमारीच्या दिवसांत तिच्यावरच राहायची, तिथंच चूल, तिथंच अंथरूण. लोक तिला बंगला-होडी म्हणत. तिला डिझेलचं इंजिन होतं आणि मागं दोरानं लहान होड्या बांधून ती त्यांना जाळी टाकायच्या जागी ओढून न्यायची. लग्नसराईत ठेकेदार ती वऱ्हाडाला भाड्यानं द्यायचा.

असंच एक वऱ्हाड पलीकडच्या गावाहून नवरी घेऊन परतत होतं. बंगला-होडीत नवरानवरी आणि सगळी पाहुणेमंडळी होती. मागच्या लहान होडीत लग्नात मिळालेली भांडीकुंडी, लाकडी खाट आणि दोघे वाजंत्री. हे दोघे सख्खे भाऊ, नवऱ्याच्याच गावातले, गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे. थोरला सनई वाजवायचा, धाकटा हलगी. दुपार कलल्यावर वळवाचं वारं सुटलं आणि लहान होडी उलटली. धाकटा एका बाभळीच्या शेंड्याला धरून राहिला, म्हणून वाचला. थोरल्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी काठाला लागलं.

ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. प्रेताचा पंचनामा केला, शवविच्छेदनाला पाठवलं, जबाब घ्यायला बसलो. नवऱ्याचे वडील आधी आले. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. शांत, भारदस्त माणूस. त्यांनी सांगितलं, "वारं सुटलं, दोर तुटला, होडी उलटली. देवाची मर्जी."

त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकानं तेच सांगितलं. वारं सुटलं, दोर तुटला, होडी उलटली. शब्दांची जागासुद्धा बदलली नाही. ज्यांनी खरोखर काही पाहिलेलं असतं, ती माणसं कधीच एकसारखं सांगत नाहीत. एकाला आवाज आठवतो, दुसऱ्याला रंग, तिसरा स्वतःचीच भीती सांगत बसतो. सगळ्यांचं वाक्य एकच निघालं की समजावं, आधी कुठंतरी बैठक झाली आहे.

धाकट्या भावाला विचारलं. त्याचे तळवे बाभळीच्या काट्यांनी फाटले होते, ते मांडीवर उलटे ठेवून तो बसला होता.

"दोर कसा तुटला?"

"मला दिसला न्हाय, साहेब. मी वाजवत हुतो."

"भांडण, शिवीगाळ, काही झालं होतं?"

"न्हाय जी."

त्याला गावातच राहायचं होतं आणि गावातल्याच लग्नांवर पोट भरायचं होतं. मी फार ताणलं नाही.

काही दिवसांनी पलीकडच्या गावचा एक शेतकरी ठाण्यात आला. आत यावं की नाही अशा बेतानं तो बराच वेळ दाराशी घुटमळला. हवालदारांनी त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. तो नवरीचा बाप होता.

"एक इचारायचं हुतं, साहेब. बगून गप बसलं, तर गुन्हा लागतो का?"

"काय पाहिलं यावर आहे. कुणी पाहिलं?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "पोरगी म्हायेरी आलीया. जेवत न्हाय. आईपाशी एकच म्हणतीया, दोर तुटला न्हाय. सोडला. साहेब, तिचं सासर हाय ते. माझं नाव कुटं येऊ देऊ नका."

तोवर कोळ्यांनी गळ टाकून ती बुडालेली होडी वर काढली होती आणि ती काठावर पालथी पडली होती. मी पंच घेऊन गेलो. दोर होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला तसाच होता. त्याचं दुसरं टोक चिखलातून ओढून काढलं. तुटलेल्या दोराचे पेड पिंजारतात. इथं टोकाला सुटू नये म्हणून गुंडाळलेली तारसुद्धा जागच्या जागी होती. दोर तुटला नव्हता, कापलाही नव्हता. बंगला-होडीच्या खुंटावरची गाठ कुणीतरी हातानं सोडली होती. दोर मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि बंगला-होडीचा चालक ठाण्यात बोलावला.

चालक कोकणातून आलेला, लहानपणापासून पाण्यावर वाढलेला माणूस. दोर टेबलावर ठेवला तसा त्याचा चेहरा उतरला.

"मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. "रिकामी होडी ओढायची वेगळी आणि माणसं बसवून ओढायची वेगळी. ओढायच्या होडीत शक्यतो माणूस बसवायचाच नाही. बसवलाच तर मागच्या बाजूला, खाली, नाळेवर वजन येऊ द्यायचं नाही. आणि दोर लांब पाहिजे. लांब दोर लाटेबरोबर झोका घेतो. आखूड दोर हिसका मारतो, नाळ पाण्यात घुसवतो."

"मग आखूड का बांधलास?"

त्यानं टेबलावरचा दोर बोटानं बाजूला सारला.

"बोल."

"वाजवणं ऐकू यायला पाहिजे म्हणाले. लांब दोरावर सोडली होडी, तर सनई ऐकूच येईना. आबा म्हणाले, जवळ घे. घेतली जवळ. ते दोघं नाळेपाशी उभे राहून वाजवत होते, साहेब. उभे राहून."

वारा सुटल्यावर त्यानं इंजिन मंद केलं. मोठी होडी मंदावली, पण लहान होडी वेगात होती, ती पुढं येऊन मोठीच्या काठाला थडकली. मग दोर ताणला, हिसका बसला, नाळेतून पाणी आत आलं. पाण्यानं जड झालेली होडी मोठ्या होडीला एका बाजूला खेचायला लागली. बायका ओरडल्या. आणि एकदम होडी हलकी झाली.

"दोर कुणी सोडला?"

"माझी पाठ होती. पुढं वारा बघत होतो. वळवून परत जायला निघालो, तर आबा म्हणाले, आधी बायामाणसं काठाला लाव. लावली. मग गेलो. तोवर काय राहतंय?" त्यानं तोंड पुसलं. "मालकानं सांगितलं होतं, वऱ्हाड सांगेल तसं कर. केलं मी. माझीच चूक आहे. मी होडी हाकायलाच नको होती."

आता राहिली नवरी. तिला ठाण्यात बोलावणं मला बरं वाटलं नाही. मी साध्या कपड्यांत तिच्या माहेरी गेलो. ओसरीवर तिची आई शेजारी बसली, बाप खांबाला टेकून उभा राहिला. मुलगी जेमतेम विशीची. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

"ताई, घाबरू नका. जे दिसलं तेवढंच सांगा."

"मामंजींनी दोर सोडला," ती म्हणाली. तिला फार काळ हेच वाक्य बोलायचं होतं असं वाटलं. पण पुढं ती थांबली नाही. "दोर सोडला त्याचं मी समजून घेईन, साहेब. आमची होडी कलत हुती, समदी वरडत हुती. पर त्याच्या आदी ती होडी आमच्या होडीला चिकटली हुती की. सनईवाल्या बाबांनी आमच्या होडीचा काठ हातानं धरला. म्हणाले, आत घ्या, धनी, आत घ्या. लांब न्हवता हात. हितं हुता, माज्या गुडघ्यापाशी."

"मग?"

"कुणी हात दिला न्हाय."

आई रडायला लागली. मुलगी रडत नव्हती.

"मी वाकणार हुते. आत्याबाईंनी, माज्या सासूनं, पदर धरला. म्हणाल्या, अंगाला हळद हाय, शिवायचं न्हाय. मी सरकून बसले, साहेब. मी बी सरकून बसले. आमच्या होडीत जागा हुती. खोलीत तर कुणी बसलंबी न्हवतं."

मी बरेच जबाब लिहिले आहेत. त्या दिवशी लिहिता लिहिता हात थांबला. तिच्या सासरची मंडळी माझ्या घरच्यांसारखीच होती. तेच बोलणं, तेच देव, त्याच हळदी. ती सासू मला परकी वाटेना, आणि याचीच मला लाज वाटू लागली.

"हे दंडाधिकाऱ्यांपुढं सांगाल?" मी विचारलं.

बाप मध्ये पडला. "साहेब, तिचा संसार..."

"सांगन, बाबा," ती म्हणाली. "न्हाय सांगितलं तर मला भाकर गिळायची न्हाय."

तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढं नोंदवला आणि मग आबांना बोलावलं. दोर दाखवला. सुनेचा जबाब झाला आहे हेही सांगितलं. ते चिडतील, नाकारतील, वरून कुणाचा तरी निरोप आणतील, अशी माझी तयारी होती. तसं काही झालं नाही.

"व्हय, सोडला," ते म्हणाले. "न्हाय सोडला असता तर समदी बुडाली असती. लेकरंबाळं हुती. तुमी काय केलं असतं?"

"दोराचं नंतर बोलू. लहान होडी तुमच्या होडीला चिकटली होती. सनईवाल्यानं तुमच्या होडीचा काठ धरला होता. आत का नाही घेतलं?"

आबा माझ्याकडं पाहत राहिले. लबाड माणूस प्रश्न ऐकून वेळ काढतो, ते मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं. हा प्रश्न त्यांना खरोखरच पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. ते आठवून पाहत होते.

"त्याचा इचारच आला न्हाय, साहेब," ते अखेर म्हणाले.

खुनी माणसांची उत्तरं मी ऐकली आहेत. त्यांच्यापाशी निदान काहीतरी कारण असतं, वैर असतं. हे उत्तर ऐकून मी हवालदाराला पाणी आणायला सांगितलं. पाणी कुणासाठी मागवलं, आबांसाठी की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल चालक आणि आबा दोघांवर दोषारोपपत्र ठेवलं. अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याचं कलमही लावलं. सरकारी वकिलांनी समजावलं, होडी खासगी, भाड्यानं घेतलेली, हे टिकायचं नाही. तसंच झालं, ते कलम गळालं. वऱ्हाडातले साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. चालकानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. इतरांचे जीव वाचवण्यासाठी दोर सोडला हे आबांचं म्हणणं न्यायालयानं मान्य केलं आणि ते सुटले. कायद्याच्या दृष्टीनं त्या निकालात मला आजही खोट काढता येत नाही. हात का दिला नाही, हा प्रश्न कुठल्याच कलमात बसत नव्हता.

ती मुलगी मात्र साक्षीला उभी राहिली. समोर सासरा, नवरा, सासरचं सगळं गाव. बचावाच्या वकिलानं विचारलं, "तुम्हाला सासरी नांदायचं नव्हतं म्हणून हे सांगता, हो ना?" ती म्हणाली, "नांदायचं हुतं. म्हणूनच सांगतीया." त्यानंतर तिला सासरी कुणी नेलं नाही. बरीच वर्षं ती बापाकडंच राहिली. पुढं नवरा आईबापांना सोडून तिला घेऊन सोलापूरला गेला आणि गिरणीत लागला, असं ऐकलं. खरं असेल तर मला बरं वाटेल.

निकालाच्या दिवशी धाकटा भाऊ न्यायालयाच्या आवारात लिंबाखाली बसला होता. त्याची साक्षही कोरडीच झाली होती, वाजवत होतो, दिसलं नाही, एवढीच. मी त्याच्याजवळ गेलो.

"तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? तुझा सख्खा भाऊ होता."

तो उठून उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"काय सांगणार, साहेब? निघताना दादा म्हणाला हुता, वारं बरं दिसत न्हाय, आपुन मोठ्या होडीत बसायचं इचारू. खोली मोकळी हाय. मीच म्हणालो, गप. चारचौघांत इचारून कशाला अब्रू घालवतोस?" त्यानं तळवे एकमेकांवर घासले. "मला लाज वाटली हुती इचारायची. अजून वाटतीया. दादाला मीच गप केलं."

त्या संपूर्ण प्रकरणात सून आणि चालक सोडले तर शरमेनं मान खाली घातलेला मला तोच एक माणूस दिसला. ज्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, असा. मी त्याला काहीतरी बोललो, तुझा दोष नाही वगैरे. खाकी कपड्यांतल्या माणसाकडून ते ऐकून त्याला काय वाटलं असेल, देव जाणे. त्यानं रामराम केला आणि स्टँडकडं चालू लागला.

या प्रकरणानं तपासाची एक सवय मला लावली. पुढं कुठलाही अपघात असो, ट्रॅक्टरचा, ट्रकचा, नावेचा, मी आधी विचारायचो की कोण कुठं बसलं होतं आणि तिथं त्याला कुणी बसवलं. उत्तरं पुष्कळदा तपासाच्या कामी येत. कामी आली नाहीत तरी मी ती लिहून घ्यायचो.

पण सगळं शिकलो असं म्हणवत नाही. निकाल लागला त्या आठवड्यात घरी जेवताना बायकोला विचारलं, "आपल्या लग्नात वाजंत्री होते. वरातीबरोबर आपल्या गावापर्यंत आले होते. ते कशातनं आले? जेवले कुठं?"

तिनं वाढता वाढता थांबून आठवून पाहिलं.

"वाजवणं लई छान होतं," ती म्हणाली. "बाकीचं काही ध्यानात नाही."

माझ्याही नव्हतं.