काटा चाळीसवरच होता

सक्करदऱ्याच्या इंदुताईंकडे देवराव बोंद्रे ड्रायव्हर म्हणून लागले ते एका अटीवर. गाडीच्या वेगाचा काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. बाईंचे यजमान वामनराव यांनी उमरेड रस्त्यावरचं वळण चुकवून हीच गाडी लिंबाच्या झाडावर घातली होती आणि पाय कायमचा अधू करून घेतला होता. त्यानंतर बाईंनी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पुढे वामनराव आजारपणात गेले, अट मात्र राहिली.

देवरावांनी ती इमानेइतबारे पाळली. आठवड्यातून एकदा उमरेडकडच्या शेतावर जायचं. बाई मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्याआडून काट्याकडे बघत, आणि काटा चाळीसला चिकटवल्यासारखा. बर्डीच्या गाडीतळावर इतर ड्रायव्हर ऐंशी-नव्वदच्या गप्पा हाणत, तेव्हा देवराव पान चघळत बसत. माणूस सरळ, थोडा मठ्ठपणाकडे झुकणारा. आपण गाडी जपून चालवतो, एवढाच त्यांचा तोरा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वेग दाखवणारं मीटर बंद पडलं. गांधीबागेजवळच्या लहानू मिस्त्रीनं दुसरं बसवून दिलं आणि घोळ सुरू झाला. काटा चाळीसवर, पण शेत काही येता येईना. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खात. पूर्वी याच चाळीसनं आपण एसटीला मागे टाकत होतो, आता एसटी आपल्याला टाकते, हे काय गौडबंगाल? देवरावांनी प्लग साफ केले, चाकांत हवा भरली, शेवटी स्वतःचे डोळेही तपासून घेतले. सगळं ठणठणीत. मग बिघडलं कोण? त्यांचं डोकं पार चक्रावलं.

दोन-तीन फेऱ्या बाईंनी कळ काढली. मग म्हणाल्या, "देवराव, थकले का गा तुम्ही? इतकं हळू काहून चालवून राहिले?"

देवरावांनी काट्याकडे बोट दाखवलं. बाईंनी पाहिलं, पण त्यांची समजूत पटली नाही. घरी उतरताना त्यांनी मायेनंच सांगितलं, की दिवाळीपासून एखादा जवान ड्रायव्हर बघू, तुम्ही आता आराम करा. गाडी सोडून देवरावांना दुसरं काहीच येत नव्हतं.

ते तडक लहानूकडे गेले. नवं मीटर खोटं आहे, म्हणाले. लहानू हसत सुटला. नवं बरोबर होतं. जुनंच भलत्या गाडीचं होतं, त्याच्या बापानं वामनरावांना कधीकाळी जुळवून दिलेलं. ते चाळीस दाखवी तेव्हा गाडी साठनं पळे.

देवराव तिथल्या टायरवर बसून विचार करू लागले. बोलावं तर इतकी वर्षं बाईंना साठनं पळवलं हे कबूल करायचं, न बोलावं तर नोकरी जाणार. आणि मग आपण जपून चालवणारे, का नुसतेच नशीबवान? काही केल्या उलगडेना. शेवटी दुसऱ्या दिवशी गाडीचं दार धरून, अडखळत, त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ते मीटर झाडावर गाडी गेली त्याच्या आधीचं का नंतरचं?"

"आधीचंच, बाई. लहानूच्या बापानं लावलं तवा साहेब धडधाकट होते."

बाई ओट्यावर टेकल्या.

"मरेपर्यंत सांगत राह्यले मले," त्या म्हणाल्या, "काटा चाळीसवरच होता म्हणून. मी म्हणो, खोटं नका बोलू."

बाई उठल्या आणि स्वतःच दार उघडून गाडीत बसल्या. देवरावांनी इंजिन सुरू केलं. मग भीत भीत विचारलं, आज कितीनं चालवू?

"मले काय विचारता गा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.