कोणता गडी?

"आणि हा आमचा गडी!"

साहेब माईकवरून असं म्हणाले आणि मी छाती काढून पुढे झालो. अंगात संघाची जर्सी. पुढचे दोन दात त्याच सकाळी आइस हॉकीच्या सामन्यात बर्फावर राहिलेले. तरी हसलो. बोळका माणूस हसला की लोकांना जरा जास्तच आनंद होतो. सगळा हॉल हसला.

मग पदकं वाटली. एकेकाचं नाव, टाळ्या, गळ्यात फीत. मी रांगेत शेवटचा. माझ्या पुढच्याच्या गळ्यात फीत पडली आणि ट्रे रिकामा झाला. माझी मान आधीच वाकलेली. वाकवलेली मान चारचौघांत परत सरळ कशी करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "अरे, तू स्टाफमध्ये ना? सगळ्यांच्या ओल्या बॅगा तेवढ्या गाड्यांत ठेव."

ठेवल्या. जर्सी घालूनच.

मस्कतच्या हमरिया भागात घरी परतताना मागच्या सीटवरून तन्वीने विचारलं. तन्वी माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. "बाबा, गडी मीन्स सर्व्हंट ना? मंडळाच्या मराठी क्लासमध्ये मीनिंग दिलं होतं. गडी, नोकर."

"अगं, खेळाडूलाही गडीच म्हणतात. कबड्डीत नाही का, सात गडी इकडे, सात तिकडे."

ती दोन सीटच्या मधून पुढे वाकली. मग म्हणाली, "मग अंकल कोणता म्हणाले?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न मारत होते. मी गाडी पुढे काढली.

माझा बाप रत्नागिरीकडे आमच्या गावात खोतांचा गडी होता. पेरणीपासून शेणापर्यंत सगळं त्याचं. भात आणि म्हशी तेवढ्या खोतांच्या. चहा पडवीच्या पायरीखाली, करवंटीत. करवंटी त्यानेच धुवायची, त्यानेच कुडात खोचून ठेवायची. मीही गडीच, पण कबड्डीतला. डाव्या कोपऱ्याला उभा राहायचो. एकदा खोतांच्या नातवाचा घोटा धरला आणि पंच ओरडले, "गडी बाद!" त्या दिवशी बाप घरी येऊन म्हणाला, "शबुद एकच रे बाबा. पण तुझा गडी बरा."

म्हणून इतक्या लांब, मस्कतमध्ये, एक मोठा माणूस माझ्याच भाषेत मला गडी म्हणाला, तेव्हा मी माझ्या सोयीचा अर्थ उचलला. गरिबाला तेवढीच चैन.

मस्कतमधल्या बौशरच्या बर्फाच्या रिंकवर मी आलो होतो चिलर, म्हणजे बर्फ गोठवणारं यंत्र, सांभाळायला. बाहेर डांबर वितळायचं आणि आत बर्फाची जमीन. चिलर जरा रुसला की त्या जमिनीचं तळं. बर्फाची डागडुजी करायची तर त्यावर चालता आलं पाहिजे, म्हणून स्केट्स बांधले. शिकवलं दाऊदभाईंनी. ते राजापूरचे, काउंटरवर भाड्याचे स्केट्स द्यायचे. शिकवलं म्हणजे मी पडायचो आणि ते वरून बघायचे. "अरे, हळू पड. बर्फ अर्बाबचा, मालकाचा आहे, ढुंगण तुझं आहे. मोडलं तर पहिलं बर्फाचं विचारतील."

साहेब रिंक चालवणाऱ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, पुण्याकडचे, आणि कंपनीच्या आइस हॉकी संघाचे कप्तान. माझे खांदे बघून म्हणाले, "कबड्डी खेळायचास? मग ये." या खेळात एक माणूस मारामारीसाठीच ठेवलेला असतो. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला की त्याने हातमोजे फेकायचे आणि धक्का देणाऱ्याच्या अंगावर जायचं. त्याला एन्फोर्सर म्हणतात. इंग्रजीत काहीही म्हटलं की रुबाबदार वाटतं. दुबईचे संघ यायचे, कुवेतचे यायचे. साहेबांना धक्का बसायचा, दात माझे पडायचे. मग पंच मला शिक्षेच्या खोक्यात नेऊन बसवायचे. माझी निम्मी कारकीर्द त्या खोक्यात गेली. नाक दोनदा मोडलं. ते आता एकीकडे बघतं आणि मी दुसरीकडे चालतो. आमची ही म्हणायची, "जिंका नाहीतर हरा, घरी आल्यावर ओळखू या, एवढंच."

त्या सगळ्या वर्षांत माझ्या काठीने एकही गोल मारला नाही. मारायचा असतो, हेही मी विसरून गेलो होतो.

गुडघे बोलायला लागले तेव्हा साहेबांनी माझ्या हातात शिट्टी दिली. दर शुक्रवारी सकाळी लहान मुलांना शिकवायचं. इथली साप्ताहिक सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार झाली, त्याच वर्षीची गोष्ट. मी कोच! बापाला फोन केला तर तो म्हणाला, "म्हंजे आता तू मुकादम?" मुलांत साहेबांचा ईशान होता आणि आमची तन्वी होती. मोठे सामने असले की मी अजूनही मार खायला उतरायचो. तसाच एक सामना त्या पदकांच्या दिवशीचा.

त्यानंतरचा शुक्रवार. सरावाचा सामना चालू होता. ती रबरी चकती, पक, ईशानच्या काठीवर. समोरून दुसऱ्या संघाचा एक थोराड मुलगा सुसाट आला. तन्वी मधे शिरली. तिचा खांदा, मग पाठ कठड्यावर आदळली. फळीचा आवाज झाला. ईशान मोकळा सुटला आणि त्याने गोल मारला.

कठड्याबाहेरून साहेब ओरडले, "शाबास! गड्याची पोर शोभतेस!"

तन्वीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. गड्याची पोर. खेळाडूची नव्हे.

पण मी मोडलो तो त्या वाक्याने नाही. तन्वी उठली. साहेबांकडे बघितलं नाही तिने. माझ्याकडे बघितलं. खांदा धरून, डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू. बाबा, बरोबर केलं ना?

बरोबरच केलं होतं. मीच शिकवलेलं. ईशानला मी नेम शिकवला. बाकीच्यांना चकती शिकवली. तिला काय शिकवलं? पडायचं कसं. मार बसताना हनुवटी छातीला कशी लावायची. ईशानच्या एक पाऊल पुढे कुठे उभं राहायचं. दोन वर्षं. मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीसुद्धा नाही. मी आपणहून, मायेने शिकवत होतो. खोताची करवंटी मी समुद्रापार आणली आणि पोरीच्या हातात दिली.

मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

"साहेब, माझी मुलगी कुणाच्या पुढे उभी राहणार नाही."

"अरे, टीम गेम आहे."

"मग ईशानला तिच्या पुढे उभा करतो."

साहेब हसले. "काहीतरीच काय! तो स्कोअरर आहे."

मी शिट्टी गळ्यातून काढली आणि कठड्यावर ठेवली. काउंटरवर दाऊदभाईंनी आमच्या दोघांचे स्केट्स घेतले.

"खलास?"

"खलास."

शिट्टी गेली. संघ गेला. व्हिसा संपेपर्यंत चिलर होता, मग तोही गेला. त्याचं दुःख नाही. चिलर सगळीकडे असतात. आता मस्कतबाहेर बरक्याला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. तिथे निदान बर्फावर कुणी मारामारी करत नाही. सुरमई शांत असते.

दुःख वेगळं आहे. त्या दिवशी गाडीत मी तन्वीला म्हणालो, "आता तुला गोल मारायला शिकवतो. दुसरीकडे कुठेतरी." तिने खिडकीकडे तोंड केलं. "नको बाबा. पक आला ना, की मी गोलकडे बघतच नाही. मी बघते, कोणाला लागेल."

तिने परत कधी स्केट्स बांधले नाहीत. मी खूप विनवलं. नाहीच.

काही वर्षांनी साहेबांचा फोन आला. आवाज तसाच मोकळा. "अरे, जुन्या लोकांचा सत्कार ठेवलाय. या वेळी पदक तुलाही आहे बरं का! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमचा गडी येतोय."

मी विचारलं, "कोणता?"

"काय कोणता?"

"गडी, साहेब. कोणता?"

ते हसले. मी हसलो नाही. हसणं संपेपर्यंत थांबलो. "तू पण ना," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी गेलो नाही. पण प्रश्न माझ्याकडे आहे. मला, माझ्या बापाला, माझ्या मुलीला यापुढे जो कुणी तो शब्द लावेल, त्याला मी तिथेच थांबवून विचारणार, कोणता? उत्तर येईपर्यंत जागचा हलणार नाही. मी डाव्या कोपऱ्याचा गडी आहे. घोटा धरला की सोडत नाही.