फौजीकाकांचं विमान तुरीत

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दुसरबीडला ट्रॅक्टरचं गॅरेज टाका आणि बाहेर एक बाकडं ठेवा, बस्स! आमच्या बाकड्यावरचे फौजीकाका हवेत होते जेमतेम अर्धं मिनिट. किस्से मात्र अजून खाली उतरायला तयार नाहीत!

काका एअरफोर्समधून रिटायर झालेले मेकॅनिक. उभी नोकरी दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करण्यात गेली. स्वतःचं एकदा उडवायचं, एवढी एकच हौस उरलेली. रीतसर शिकून, लायसन काढून त्यांनी जुनं दोन सीटचं अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं विमान आणलं. बसायचं पुढे, पंखा मागे, बाकी नुसता पाइपांचा सांगाडा. जोडणी आमच्याच गॅरेजात.

बघायला ही गर्दी! एकाने विचारलं, "काका, एव्हरेज काय देते?"

"किलोमीटरवर नसते बे. तासावर मोजतात."

"म्हंजे ट्रॅक्टरच झाला ना!" म्हणत तो निघूनही गेला.

*

उड्डाणाच्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर काकांनी चेकलिस्ट काढली. नट, केबल, पेट्रोल, सगळ्यावर टिक. मग काकू आल्या. नवी गाडी म्हटल्यावर चाकाखाली लिंबू, पुढे नारळ आणि नाकावर स्वतः ओवलेला झेंडूचा हार. चेकलिस्टमध्ये हार नव्हता, आणि काकूंना नको म्हणायची काकांची टाप नव्हती!

विमान कडुनिंबाच्या उंचीवर गेलं आणि हार सुटून थेट मागच्या पंख्यात. पातं तुटलं, विमान शेजारच्या तुरीत. काकू लांब, डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. आम्ही धावलो. काकांचा पाय मोडला होता, पण शुद्ध होती. पहिलं वाक्य, "पेट्रोल बंद करा!" दुसरं, "तिले हाराचं सांगू नका. जन्मभर जिवाले लावून घेईल. इंजिन बंद पडलं म्हणा."

*

हवालदारांनी नेहमीचा अपघाताचा फॉर्म काढला.

"वाहन कोणत्या बाजूनं येऊन राह्यलं होतं?"

"वरून."

हवालदारांनी लिहून घेतलं. "म्हंजे राँग साईड!"

*

दवाखान्यात जो तो काकूंना इंजिनाचा बिघाड सांगायचा. पण आधी ठरवलं कुणी होतं? एक म्हणाला प्लग, दुसरा कार्ब्युरेटर, मी पिस्टन. काकूंनी शांतपणे सगळं ऐकलं. मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला म्हणाल्या, "तुमचा ट्रॅक्टर असंल त यांच्या गॅरेजात टाकू नका बाप्पा!"

*

पाय जुळला, नवं पातं आलं. काकू नाही म्हणाल्या तर विमान विकून टाकायचं, असं काकांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. काकूंनी तर इतक्या महिन्यांत विषयच काढला नव्हता. दुसऱ्या उड्डाणाच्या सकाळी काका विमानाजवळ उभे राहून नुसते रस्त्याकडे बघत होते. आम्हाला धास्ती वेगळीच, पुन्हा हार आणला तर नको कोण म्हणणार?

काकू आल्या. हात रिकामे, डोक्यावर स्कूटीचं हेल्मेट. पदर कमरेला घट्ट खोचला, पुन्हा एकदा ओढून पाहिला आणि सरळ दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या.

"तू कुठं?" काकांनी विचारलं.

"तुमचं इंजिन बंद पडलं त ढकलाले कोणी पाह्यजे का नाई?"