विकायचे बिबडे

आमच्या घरातून आजवर कोणी काही विकलं नव्हतं. कापूस विकला असेल, पण तो व्यापारी घेऊन जातो. आपण केलेली एखादी वस्तू पिशवीत भरायची आणि अनोळखी माणसापुढे ठेवून म्हणायचं, घ्या, हे आम्ही केलंय, असं कोणी केलं नव्हतं. त्यामुळे ही गोष्ट मी धंद्याची म्हणून सांगतो आहे खरा, पण तो शब्द मला अजून थोडा मोठा वाटतो.

मी धुळ्याला कॉलेजात शिकतो. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. गाव नरडाण्यापासून जवळ. वडील नरडाण्याच्याच एका कारखान्यात माल उतरवण्याचं काम करतात. होस्टेलवर जाताना आई दरवर्षी ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे तळून खायच्या पातळ पापडांचा, डबा देते. मागच्या वर्षी खोलीतल्या मित्राने त्यातले काही जळगावला घरी नेले. त्यांचं किराणा दुकान आहे. त्याच्या वडिलांनी फोनवर मला विचारलं की उन्हाळ्यात असे आणखी आणशील का, दुकानात ठेवू, लोक मागतात.

मी आणीन म्हणालो. 

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आईला विचार, ज्वारी तिच्या ताब्यात आहे. कोठीत होती ती आमची वर्षाची ज्वारी, पुढच्या हंगामापर्यंतची भाकरी. आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा अंगणात मोठ्या टोपात ज्वारी भिजत पडली होती. कोठीतली ज्वारी चांगलीच खाली गेली होती. मी फक्त एक कल्पना सांगितली होती, आणि तिने त्यावर आमची भाकरी पाण्यात घातली होती.

बिबड्यांची ज्वारी दोन-तीन दिवस भिजते, मग धुऊन, सुकवून जाडसर दळायची. ते पीठ लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायचं. शिजलं की थांबता येत नाही. गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर थापून उन्हात टाकायचं. निवलं की ते घट्ट होतं, थापताना फाटतं आणि टाकून द्यावं लागतं. म्हणून आमच्या गल्लीत कोणाकडे बिबडे असले की घरटी एक बाई येते. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. कोणी कोणाला काही देत नाही. गरम शिजलेल्या पिठावर कच्चं तेल घालून वाटीभर खायला मिळतं, एवढंच.

मला वाटलं, हे तर विकायचे आहेत, मग बायांना फुकट कसं बोलवायचं? कॉलेजात नुकतंच शिकलो होतो की श्रमाला मोल द्यावं. ते मला मनापासून पटलं होतं. पीठ शिजवायच्या आदल्या संध्याकाळी मी दारोदार गेलो आणि सांगितलं की उद्या बिबड्यांना या, शेतात निंदणीला मिळते तेवढी मजुरी मिळेल. सगळ्या बरं म्हणाल्या. एकदोघी हसल्या. मला वाटलं, काम झालं.

पहाटे आईने चूल पेटवली. पीठ शिजून ढवळायचा चाटू जड झाला, आभाळ उजळलं, तरी कोणी आलं नाही. आईने एकटीनेच थापायला सुरुवात केली. एक, मग दुसरा. पातेल्याकडे पाहिलं की जाणवत होतं, हे दोन हातांचं काम नाही. मी शेजारी बसून थापू लागलो तर माझा पहिलाच फडक्याला चिकटून फाटला. वाफ कमी होत होती.

आईने विचारलं, बायांना काय सांगितलंस? मी सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली.

"मजुरीनं बोलावलंस?" ती म्हणाली. "मग त्या मजुरीच्या वेळेला येतील. घरचं आवरून, भाकर बांधून, आठला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी शेतावरच्या कामासारखं बोलावलं होतं, त्या शेतावर जायच्या वेळेला येणार होत्या.

माझी आई चारचौघांत मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. ग्रामसभेत ती खांबाआड बसते. ती उठली, ओले हात लुगड्याला पुसले, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि एकदाच सगळ्यांना हाक मारली.

"पीठ शिजी गयं वं माय, या बठ्ठ्या!"

मग जे झालं ते मी भिंतीला टेकून पाहिलं. दारं उघडली. एकीचे केस मोकळे होते, एकीच्या बोटाला अजून मिश्री होती, एक पोर कडेवर घेऊनच धावत आली. कोणी पाट आणला, कोणी फडकं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पातेल्याभोवती गोल झाला आणि हात चालू लागले. ओला हात, गोळा, थाप, फडकं उलटं, आणि जुन्या साडीवर पातळ गोल बिबडा. इतका पातळ की साडीची फुलं खालून दिसत. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो, पण नेहमी खेळताना, जाता-येता. त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं.

समोरच्या घरातल्या अक्का गल्लीत सगळ्यात वडील. त्यांनी मान वर न करता मला मालक झाल्याचा टोमणा मारला, "मालक व्हयना ना तू? मंग उभा काय शे, पानी आन." सगळ्या हसल्या. मी पाणी आणलं, आणि आणतच राहिलो.

ऊन तापायच्या आत पातेलं रिकामं झालं. दुपारी आईने कडेचा एक बिबडा उचलून उजेडात धरला. कुठे तडा नव्हता. तिने तो परत जागेवर ठेवला आणि पुढचा उचलला.

मजुरीचं मी पुन्हा काढलं, तर अक्कांनी हात झटकला. त्यांना दुसरंच विचारायचं होतं. तेलाची वाटी पुसून खात त्या म्हणाल्या, "जळगावमा आम्हना हातनं कोन खाई?"

खरंच, कोण खाईल? नाव-गाव माहीत नसलेली माणसं ताटाच्या कडेला हे तळून घेतील, हा विचार मी दुकान, पिशव्या, बस यांच्या गडबडीत केलाच नव्हता.

"खातीन," आई म्हणाली.

अक्कांनी मान हलवली, घरी गेल्या. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी मी गल्लीतून जात होतो. अक्कांच्या ओट्यावर टोप होता. त्यात ज्वारी भिजत होती. पुढच्या घरीही. त्याच्या पुढच्याही. एक बाई कोठीत वाकून पायली भरत होती. मला पाहून म्हणाली की आमचेही ने रे भाऊ जळगावला, आणि भरत राहिली.

मी तिथेच उभा राहिलो. फोन काढला आणि मित्राच्या वडिलांना लावला. विचारायचं होतं, काका, सगळ्या गल्लीचे घ्याल, नक्की ना?